कॉर्मकची सही

श्रूजबरीत आमच्या शेजारी फिनबार ओ'हॅलन राहायचे. वय एक्याऐंशी, रिटायर्ड पोस्टमन. १९८६च्या हिवाळ्यात त्यांचे हात फार थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सुचित्रा, माझ्या पूर्वजाचं चरित्र टाइप करून द्याल?" मग रोज दुपारी मी त्यांच्या किचनमध्ये बसायला लागले. ते सांगायचे, मी टाइप करायचे.

पूर्वज म्हणजे कॉर्मक, चारशे वर्षांपूर्वीचा आयरिश सरदार. नऊ वर्षांचा असताना इंग्रजांनी त्याला ओलीस म्हणून लंडनला नेलं. बारा वर्षांनी परतला तेव्हा अंगावर इंग्रजी कपडे आणि तोंडात इंग्रजीच. आई दारापर्यंत आली, त्याचं बोलणं ऐकून आत निघून गेली. हार्प वाजवणाऱ्यांना आसरा द्यायचा नाही, असा इंग्रजांचा हुकूम होता. कॉर्मकनं घरच्या म्हाताऱ्या वादकाला मोतद्दार म्हणून तबेल्यात ठेवलं आणि घोड्यांजवळ बसून त्याच्याकडून आपली भाषा पुन्हा शिकला.

इथवर फिनबार खुशीत होते. एका दुपारी मात्र म्हणाले, "मधलं गाळू. सरळ मृत्यूवर जाऊ."

"मधे काय झालं?"

"बंड झालं. शेजारचे सरदार लढले. यानं वाडवडिलांची पदवी सोडून इंग्रजी किताब घेतला. सही केली."

"का?"

"त्याच्या खोऱ्यातली गावं जळली नाहीत. पण तीच माणसं पुढे वीस वर्षं त्याच्या दारावरून थुंकून जायची."

मी टाइपरायटरवरचे हात काढले. "माझे आजोबा मामलेदार होते. इंग्रजांनी त्यांना रावसाहेब केलं. बेचाळीस साली माझे वडील जेलमध्ये गेले. आजोबा डबा पाठवायचे, बाबा न उघडता परत करायचे. पुढे दोघं कधी बोललेच नाहीत."

"तुमच्या मुलीला काय सांगितलंत त्यांच्याबद्दल?"

"काहीच नाही."

फिनबारनी आपली खुर्ची टाइपरायटरजवळ ओढली. मग म्हणाले, "लिहा. सही केली. तारीखही घाला."

त्या संध्याकाळी पोळ्या करताना मी माझ्या मुलीला, दीपाला, आजोबांची गोष्ट सांगितली. तिनं पुस्तक मिटलं.

"सो, वॉज ही अ बॅड मॅन?"

"मला अजून ठरवता आलेलं नाही," मी म्हटलं. "डबा ते स्वतः भरायचे, एवढं माहीत आहे."

"काय असायचं त्यात?" तिनं मराठीत विचारलं.