सातवी टाचणी

माणसाच्या हातात सत्ता आली की विनाश अटळ असतो. शिंप्याच्या हातात आलेली सत्ता म्हणजे एक कुंडी, एक झारी आणि थोरल्या बहिणीच्या घराची किल्ली. पण विनाशाला तेवढी पुरली.

ताई गुडघ्याचं ऑपरेशन करून दोन महिने लेकीकडे राहायला गेली होती. साठी उलटलेल्या धाकट्या भावावर तिने आयुष्यात प्रथमच काही सोपवलं होतं: खिडकीतला बिगोनिया. पाच पानं, चंदेरी, मध्ये वांगी रंगाची छटा. त्यातलं सगळ्यात मोठं पान ती दर रविवारी मोजायची. वीतभर आणि वर दोन बोटं. या झाडाची रोपं करायचा तिने दोन वर्षं घाट घातला होता, पण तोडून लावलेलं प्रत्येक पान कुजलं.

"फक्त पाणी घाल, तेही जपून," तिने बजावलं होतं. "अक्कल घालू नकोस."

पहिल्याच आठवड्यात त्याला मोठ्या पानाची कड वाळलेली दिसली. चाळीस वर्षं कापडाच्या कडा सरळ करणाऱ्या माणसाला ते बघवेना. त्याने कात्री काढली. कड सरळ झाली, हात सवयीने पुढे गेला, आणि पान देठासकट त्याच्या मांडीवर आलं.

मग त्याने धंद्यातला उपाय केला. पान कुंडीतल्या मातीवर सपाट पसरलं आणि शिरांवरून सात टाचण्या मारून टाचून टाकलं. लांबून पाहिलं तर जागच्या जागी. जवळ येऊन कोणी पान चाचपू नये म्हणून कुंडीवर शिवलेले कोट झाकायची पारदर्शक पिशवी चढवली.

ताई रोज फोनवर विचारायची, "मोठं पान कसं आहे?"

"हललंसुद्धा नाही," तो सांगायचा. यात खोटं काहीच नव्हतं.

पिशवी उघडायचा धीर त्याला पुढे झालाच नाही. पाणीही घातलं नाही. पुरावा कोण भिजवत बसणार?

दोन महिन्यांनी ताई काठी टेकत घरी आली ती थेट खिडकीपाशी. शिंपी दारातच थांबला, पळायला सोयीचं म्हणून. ताईने पिशवी काढली आणि वाकून पाहत राहिली.

"हे तू केलंस?"

"हात सटकला, ताई."

"टेलर मास्तर, इकडे या."

मास्तर गेले. पान कडेने तपकिरी पडलं होतं, पण टाचण्यांपाशी नखाएवढी चंदेरी पिल्लं वर आली होती. सातांपैकी सहा टाचण्या फळल्या होत्या.

"शिरेला जखम करायची, ती मातीला घट्ट टेकवायची, वरून झाकून दमट ठेवायचं," ताई म्हणाली. "पुस्तकात वाचूनही मला जमलं नाही. तुला कोणी शिकवलं?"

दोन महिने छातीवर ठेवलेली इस्त्री कोणीतरी उचलून घ्यावी तसं त्याला झालं. क्षणभर थोर व्हायचा मोहही झाला.

"पान चुकून कापलं," तो म्हणाला. "बाकीचं घाबरून केलं."

"ते कळलं मला. कड बघ किती सरळ आहे." ताई खुर्चीत टेकली. "पण तुझ्या हाताला गुण आहे हो."

साठ वर्षांत तिच्या तोंडून हे प्रथमच येत होतं. त्याने सदरा नीट केला. खिडकीतल्या कुंडीवर त्याची नजर मालकासारखी फिरू लागली.

"एक काम कर," ताई म्हणाली.

"सांग की."

"ती रिकामी सातवी टाचणी दे इकडे, गाऊनला लावते. बटण लावून देतो म्हणालास, त्याला वर्ष झालं."