खिडकीजवळच्या खुर्चीची साक्ष

शनिवार, सकाळचे दहा. मिकोकोनी बंदर, जुनी कस्टम कचेरी, तळमजला. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला दोरीच्या कुंपणात, लाल कापडाखाली एक खुर्ची झाकून ठेवली होती. ती खुर्ची म्हणजे मी.

गावाच्या नव्या विमान संग्रहालयाचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुणे अजून यायचे होते. मोठ्या माणसांची वाट पाहण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. तेवढ्यात माझी हकिगत ऐकून घ्या. नंतर भाषणं सुरू झाली की खरं काही कानावर पडणार नाही.

मी जन्मले इंग्लंडच्या एका कारखान्यात. ॲल्युमिनियमची हाडं, घोड्याच्या केसांचा भरणा, वरून हिरवं चामडं. मला बसवलं एका विमानात. ते विमान जमिनीवर उतरत नसे, बदकासारखं पोटावर पाण्यात उतरे. इंग्लंडहून निघायचं आणि नद्या, तळी, खाड्या गाठत आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोचायचं. मिकोकोनीची खाडी हा त्यातला दुपारच्या जेवणाचा थांबा.

चेहऱ्यावरून माणूस ओळखता येतो म्हणणाऱ्यांनी एकदा खुर्चीचा जन्म घेऊन पाहावा. चेहरा खोटं बोलतो, बूड बोलत नाही. वरून छाती काढून बसलेले सेनाधिकारी विमान उडताना खाली कसे आक्रसतात, हे मला ठाऊक आहे. एक धर्मगुरू प्रत्येक उड्डाणाला मोठ्याने प्रार्थना म्हणत. आवाज मोठा का, याचं खरं कारण फक्त मला कळत असे.

आता गावात ज्याला त्याला तो काळ आठवतो. कडू कॉफीच्या प्रत्येक पेल्यामागे एक आजोबा विमानातून फिरून आलेले असतात. साफ खोटं. मिकोकोनीतला एकही माणूस तिकीट काढून माझ्यावर बसला नाही. आत यायची मुभा एकालाच होती, तीही पाहुण्यांच्या ओकारीच्या पिशव्या उचलायला.

गावाचा विमानांशी खरा संबंध होता तो व्हुआई नावाच्या नावाड्यामुळे. पावसानंतर खाडीत खारफुटीचे ओंडके वाहून येत, आणि एक जरी ओंडका लागला तरी विमानाचं पातळ पोट फाटलं असतं. म्हणून विमान यायच्या दिवशी व्हुआई आपली होडी घेऊन खाडीत जाई, ओंडके दोरीने बांधून कडेला ओढी, आणि वाट मोकळी झाली की बांबूला बांधलेलं पांढरं निशाण उभारी. तोवर विमानाने वर घिरट्या घालायच्या, असा नियम होता. आत कुणी लाटसाहेब असो की लाटसाहेबाचा मेहुणा, व्हुआईचं निशाण वर गेल्याशिवाय खाली यायचं नाही.

त्याची बायको त्याला म्हणे, "मी घरी ये म्हटलं की ऐकू येत नाही. आणि वरच्या साहेबांना म्हणतोस थांबा!"

हे मला पुढे त्याच्या मुलीकडून, बी म्वातिमाकडून कळलं; इथे बाईमाणसाला मानाने 'बी' म्हणतात. बाप गेला तेव्हा ती आईच्या कमरेएवढी होती.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. माझ्यावर एक वजनदार सरकारी गृहस्थ बसले होते. किनाऱ्यावर त्यांच्यासाठी मेजवानी होती. विमानाने एक फेरी मारली, दुसरी मारली. मी खिडकीशी. खाली व्हुआईची होडी दिसत होती. तो वाकून एका ओंडक्याला दोरी बांधत होता. निशाण होडीत आडवं पडलं होतं, काठीला गुंडाळलेलं.

गृहस्थांनी विमानातल्या नोकराला बोलावलं. "जेवण थंड होतंय. पुढे जाऊन सांग, मी कोण आहे ते."

नोकर पुढे वैमानिकाकडे गेला. दार लागलं. दाराआड काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. नोकर हसत परत आला आणि म्हणाला, "पट्टा आवळून घ्या, साहेब."

मग पाणी आलं, आणि पाण्याआधी लाकूड मोडल्याचा एक आवाज आला. आत फक्त एक कप फुटला.

फाटलेलं विमान ओढत चिखलात नेलं. गृहस्थ सुखरूप उतरले आणि जेवायला गेले. विसरलेली हॅट न्यायला परत आले तेव्हा क्षणभर माझ्यावर टेकले. सकाळपेक्षा जड लागले.

व्हुआईचा देह पुढच्या भरतीला खारफुटीत सापडला. चौकशी झाली. निष्कर्ष निघाला: विमान तरंगत्या ओंडक्यावर आदळलं.

कंपनीने ते विमान तिथेच टाकलं. गावाने त्याचं सोनं केलं. पत्र्याची भाताची भांडी झाली, खिडक्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या, आणि मी एका न्हाव्याकडे आले. आज त्याचा मुलगा माकामे ते दुकान चालवतो. बदामाच्या झाडाखालची ती वर्षं माझी सर्वांत सुखाची. साबण, केस आणि गावभरच्या कुचाळक्या. विमानात मी फक्त भीती सोसली, माणसं मला दुकानात भेटली.

मग हॉटेलवाला तवक्कली समिती घेऊन आला. त्याला पर्यटक हवे होते.

"माकामे, ही खुर्ची म्हणजे गावाचा वारसा आहे."

"वारशावर बसून तुम्ही गेल्या शुक्रवारीच बगला भादरून घेतल्यात, भाऊ."

"म्हणून तर म्हणतो, आता तिचा मान राखू या."

मान राखला तो असा. मला फिनेल लावून पुसलं, आणि माकामेला एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली. तिचा एक पाय पहिल्याच गिऱ्हाइकाखाली मोडला.

तर, पाहुणे आले. कापड निघालं, टाळ्या पडल्या. तवक्कलीने भिंतीवरची संगमरवरी पाटी मोठ्याने वाचली. सुवर्णकाळ वगैरे झाल्यावर शेवटची ओळ आली: "अखेरच्या विमानाला ओंडक्याची धडक बसली. जीवितहानी झाली नाही."

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. अंगावर गुंडाळलेलं फिकट छापील कांगा वस्त्र, हातात एक बांबू. दोरी ओलांडून ती सरळ माझ्यावर बसली. बगळ्याएवढं वजन.

पहारेकरी धावला. "आजी, उठा. इथे बसायला मनाई आहे."

"माझ्या बापाला ओंडका म्हणायला मनाई नाही, आणि मला बसायला आहे होय रे?"

तवक्कली घामाघूम. "बी म्वातिमा, चौकशीत तसंच नोंदलंय. आम्ही आमच्या मनाचं काही लिहिलं नाही."

"ओंडक्याला लेक असते का, तवक्कली?"

मागून माकामे ओरडला, "तो ओंडका तुझ्या आजोबाच्या लग्नात रात्रभर नाचला होता! घरी विचार जाऊन!"

लोक हसले. म्वातिमा हसली नाही. तिने बांबू गुडघ्यांवर आडवा धरला. त्याला पांढरं कापड गुंडाळलेलं होतं, वरून सुतळीची गाठ.

"होडी फुटली, पण हे तरंगत आलं. ही गाठ बापाच्या हातची आहे. आईने कधी सोडली नाही, मीही नाही. वाट मोकळी झाली असती तर त्याने स्वतःच सोडली असती. नवं काही मागत नाही मी. त्या पाटीवर त्याचं नाव घाला."

सगळे प्रमुख पाहुण्यांकडे बघायला लागले. पाहुणे घड्याळाकडे बघत होते. त्यांचा सहायक तवक्कलीच्या कानाशी वाकला. मी दोघांच्या शेजारीच होते, म्हणून या वेळी मला स्वच्छ ऐकू आलं. "आवरा लवकर. साहेबांचं जेवण थंड होतंय."

सगळे जेवायला गेले. खोबऱ्याच्या भाताचा वास आतपर्यंत येत होता. म्वातिमा बसून राहिली, आणि माकामे तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

पाटी अजून तशीच आहे. माझ्या गळ्यात आता 'बसू नये' असा फलक आहे. म्वातिमा दर शनिवारी येते आणि त्याच फलकाला पाठ टेकून बसते. पहारेकरी तेव्हा नेमका चहाला गेलेला असतो. माझी मागणी साधी आहे. मला बदामाखाली परत न्या, आणि पाटी बदला. दोन्ही होणार नसेल, तर पाटी आधी.

ती गाठ मी जवळून पाहिली आहे. सुटलेली नाही. निशाण वर गेलं नव्हतं. तरी विमान उतरलं. उतरवा असं कोणी सांगितलं, हे त्या दिवसापासून आजपर्यंत कोणीही सांगितलेलं नाही.