शेप्याच्या खोडावरचे टेकोडे

आमच्या बुढ्याचं, उकंडाचं, एकच तत्त्व. टेकोड्याचं, म्हणजे रानातल्या अळंबीचं, नाव मागून, आधी लाकडाचं नाव सांगा. मारेगावच्या आसपासच्या पाच गावचे लोक पावसाळ्यात टोपल्या घेऊन याच्याकडं यायचे, टेकोडे खायचे का विषाचे म्हणून विचाराले. हा उलटे करून खालच्या चुण्या पाह्यचा, हुंगायचा आन म्हणायचा, ज्या लाकडावर उगवले ते लाकूड आणा. लोक वैतागायचे. मी बायको असून मीबी वैतागायची. पण त्याच्या शब्दावर कोणाचं पोट दुखलं नाई.

दोन वर्षाआधी काचबिंदूनं डोळे गेले आन टोपल्याबी बंद झाल्या. बुढा नुसता दारात बसून राहे. माहा जीव तुटे.

म्हणून परवा वावराच्या धुऱ्यावरच्या मेल्या खोडावर टेकोडे दिसले तं मी पदरात भरून आणले. त्याले काही तरी ओळखाले भेटावं, येवढंच मनात होतं. त्यानं चाचपले, हुंगले, तोंड कसं उजळलं! मंग आलाच तो सवाल, लाकूड कोणतं?

म्हटलं, बाभळीचं.

साफ खोटं. तो आमचा शेप्या आंबा होता, लग्नाच्या साली त्यानंच लावलेला. बुढा डोळ्याच्या दवाखान्यात भरती होता तवा झाड वावधनात मुळासकट पडलं. डोळे गेलेल्या माणसाले झाडबी गेलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

मले तिथं ने, म्हणे. म्हटलं चिखल हाय, इचूकाटा हाय. पण बुढ्यानं काठी घेतली तं घेतलीच. हात धरून नेलं. 

खोडावर हात फिरवता फिरवता एका खाचेपाशी थांबला. आमच्या पोरीच्या, रुपालीच्या झोक्याचा दोर घासून पडलेली खाच. मले रडूच फुटलं.

"माईत हाय मले," तो म्हणाला. "दोन साल बजारचे आंबे आपले म्हणून खाऊ घालून राह्यली. शेपूचा वास कुठं होता त्याले?"

"मंग बोलले काहून नाई?"

"तू येवढ्या हौसेनं कापून देत होती." खोडावरचं एक टेकोडं तोडून माह्या हातात ठेवत म्हणाला, "आंब्यात चालते. टेकोड्यात नाई चालत. आता मले तुह्या डोळ्यानं पाहा लागते. तू खोटं सांगशील तं दोघंबी मरू. सांग, रंग कसा?"

मी टेकोडं उजेडात धरलं. वरून पांढरं, काठाले पिवळसर, चुण्या दाट, एका जागी किड्यानं खाल्लेलं. काही म्हणता काही लपवलं नाई. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा सांगतलं. शेवटी म्हणे, या टेकोड्याचा भरवसा येत नाई, फेकून दे. फेकले. घरी येऊन वांग्याची भाजी टाकली.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावचे पंजाबराव टेकोड्याची टोपली घेऊन दारावरून चालले होते. मीच हाक मारली.

म्हटलं, "दाखवा आमाले. आन लाकूडबी घेऊन या."