पलीकडची वाळू

भिंगआजोबांचा दुधावर विश्वास नव्हता. मधावर नव्हता, मिठावर नव्हता, आणि अलीकडे स्वतःच्या सुनेवरही उरला नव्हता. अन्नातली भेसळ पकडणाऱ्या खात्यात त्यांनी उभी नोकरी काढली होती. खिशात कायम भिंग, म्हणून हाताखालच्या लोकांनी हे नाव पाडलं आणि निवृत्तीनंतर ते नातीने उचललं. घरात चहाची नवी पूड आली की आधी चिमूटभर गार पाण्याच्या पेल्यात पडायची. पाणी लगेच रंगलं की पूड दुकानात परत. "रंग उठून दिसला की समजायचं, कोणीतरी तो लावलाय," हे त्यांनी घरच्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की आजी म्हणायच्या, "स्वर्गात गेलात तरी अमृताचा नमुना बाटलीत भरून सील ठोकाल तुम्ही."

या माणसाचा जीव मात्र एकाच जागी अडकला होता. नात, पिटू. पोरीला इसब होता. कोपराच्या खळग्यांत आणि गुडघ्यांच्या मागे कातडी लालभडक व्हायची, खाजवून सोलायची. झोपवताना हातांवर मोजे चढवावे लागत. ते काम आजोबांचं, आणि मोजे चढवताना ते दुसरीकडे बघत.

सून जीवशास्त्रज्ञ होती. तिचं म्हणणं असं की शहरातली मुलं फार स्वच्छ वाढतात. मातीतले नाना जातींचे सूक्ष्मजीव त्यांच्या अंगाला लागतच नाहीत, मग शरीराला कोणाशी भांडायचं आणि कोणाला सोडून द्यायचं ते कळत नाही, आणि ते स्वतःच्याच कातडीवर उठतं. हे तपासायला तिने पिटूची बालवाडी निवडली होती. तिथे दोन आवारं, मधे कुंपण, दोन्हीकडे वाळूचा एकेक हौद. एका हौदात जंगलातली माती चाळून मिसळली होती, दुसऱ्यात तिचं नुसतं सोंग, सूक्ष्मजीव नसलेलं. मुलांनी रोज खेळायचं आणि वर्षभर त्यांची कातडी नि रक्त तपासायचं. आपल्या मुलीचे आकडे ती धरणार नव्हती, पण पिटू खेळणार त्याच शाळेत, डावीकडच्या आवारात.

"आपल्या पिटूच्या हौदात काय आहे?" आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मला माहीत नाही, बाबा. मलासुद्धा कळू नये अशीच सोय केलीय. वाळू भरली दुसऱ्यांनी, आणि कुठे काय ते फक्त आमच्या एका सहकाऱ्याला ठाऊक आहे. तो तिकडे लांब बसतो."

आजोबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. 'मला माहीत नाही, साहेब' हे वाक्य त्यांनी नोकरीत प्रत्येक दुकानदाराकडून ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी गोदामाच्या मागे काहीतरी सापडलं होतं. त्यात एकदा सून फोनवर बोलताना कानावर पडली. "नाही, कोणालाच कळता कामा नये. आणि आमच्या घरी तर मुळीच नाही." आता यात सरळ अर्थही होता, पण आयुष्य वाकड्या अर्थांवर काढलेल्या माणसाला तो दिसायचा कसा?

ते डोळ्यांत तेल घालून सुनेवर पाळत ठेवू लागले. ती पिटूच्या कोपरावरून कापसाचा बोळा फिरवून नळीत घालायची, तेव्हा त्यांना वाटायचं, पोर आहे की नमुना? पिटूचं अंग सुरुवातीला थोडं निवळलं, मोजे दोन-चारदा लागलेही नाहीत. आजोबांनी त्याचं श्रेय नव्या मलमाला देऊन टाकलं.

मग त्यांनी दोन्ही हौदांतली चिमूट चिमूट वाळू रुमालात बांधून घरी आणली आणि दोन पेले मांडले. डावीकडची, पिटूची, वाळू पाण्यात जराशी गढूळली आणि खाली बसली. पाणी नितळ. पलीकडची पडताच पाण्यात तपकिरी रंग उतरला, गडद, भरघोस, जणू अख्खं जंगल त्यात विरघळलंय. आजोबा पेल्यांकडे बघत राहिले. सगळं लख्ख कळलं. सुनेने स्वतःच्या पोरीला मुद्दाम सोंगाच्या वाळूत बसवलं होतं. उद्या कोणी बोट दाखवायला नको की बाईने आपल्या लेकीचं भलं करून घेतलं. नावाला डाग नको, पोर गेली खड्ड्यात!

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ते आजींना काही बोलले नाहीत, मुलाला तर नाहीच. पुरावा हातात असताना आधी बोंबलायचं नाही, ही खात्यातली शिस्त. त्यांनी वेगळाच मार्ग धरला.

हौदांवर रोज संध्याकाळी ताडपत्री घालत. सकाळी ती काढायचं काम पालक आळीपाळीने करत आणि सगळेच त्याला वैतागलेले. आजोबांनी ते कायमचं अंगावर घेतलं. मुख्याध्यापिकेने तोंडभरून कौतुक केलं. फाटक उघडून झाडलोट करणाऱ्या मावशी त्यांना बादली आणि फावडं काढून द्यायच्या आणि आत पाणी भरायला जायच्या. तेवढ्यात आजोबा पलीकडच्या हौदातली बादलीभर वाळू पिटूच्या हौदात आणत आणि पिटूच्या हौदातली बादलीभर तिकडे नेऊन टाकत. पातळी कमीजास्त दिसता कामा नये. वरून फावड्याने सारखं करत. आयुष्यभर चोर पकडल्यामुळे चोरी कशी करावी हे त्यांना नीट ठाऊक होतं.

पलीकडच्या मुलांचं काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. तिकडे एक फुगऱ्या गालांचा मुलगा होता, त्याच्याही मानेवर चट्टे. त्याची आजी फाटकाशी भेटली की आजोबांची चौकशी करायची. तिला बघून त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. पण पिटूचे मोजे आठवले की ओशाळेपण गिळता यायचं.

आणि झालं ते त्यांच्या हिशेबाप्रमाणेच. काही आठवड्यांनी ती आजी आपणहून सांगत आली, "अहो, आमच्या गुलामाची मान बघा, किती छान झाली. वाळू गुणाची आहे हो." आजोबांनी मान डोलावली. बघा, खरी माती तिकडेच होती! इकडे पिटूचं कोपर मात्र पुन्हा लाल झालं होतं. मोजे रोजचे झाले. आजोबांनी त्याचाही अर्थ लावला. एका बादलीने भागत नाही. ते दोन बादल्या नेऊ-आणू लागले. कंबर धरली, तरी सोडलं नाही.

एके दिवशी सून घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसली. आजींनी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"दोन्ही हौदांतले नमुने एकसारखे आलेत," ती म्हणाली. "कोणीतरी वाळू मिसळलीय. वर्षाचं काम गेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बादली-फावडं त्यांच्याच ताब्यात असतं ना."

मावशी ते फावडं धुऊन, पुसून आजोबांच्या हातात द्यायच्या. "आजोबा, कमरेला जपा," म्हणायच्या. इतका वेळ त्यांना गप्प बसता आलं, मग नाही आलं.

"मावशींचा संबंध नाही. मी केलं ते."

सुनेने वर पाहिलं.

"असं बघू नकोस माझ्याकडे," आजोबांचा आवाज चढला. मनात कुठेतरी ते या क्षणाची वाटच बघत होते. "आईने करायचं ते मी केलं. तुला ठाऊक होतं पिटूच्या हौदात काही नाही. तुझं नाव स्वच्छ राहावं म्हणून पोरीला सोंगात बसवलंस. माझ्याकडे पुरावा आहे. तिच्या वाळूचं पाणी नितळ राहिलं आणि पलीकडच्या वाळूचं चांगलं गडद उतरलं. मग तिकडची इकडे आणली आणि इकडची तिकडे टाकली. रोज."

सुनेने फोन लावला. "आता लपवण्यात अर्थ नाही," पलीकडच्या माणसाला ती म्हणाली. "आमच्या त्या बालवाडीत कुठे काय होतं ते सांगून टाक." ती ऐकत राहिली, आणि फोन खाली ठेवल्यावरही थोडा वेळ हात फोनवरच होता.

"खरी माती डावीकडे होती, बाबा. पिटूच्या हौदात."

"मग तो रंग?"

"रंगच होता तो. दोन्ही वाळू सारख्या दिसाव्यात म्हणून सोंगाच्या वाळूत काळपट चुरा घालतात. दलदलीतल्या कुजक्या गवताचा, वाफेने मारलेला." सून त्यांच्याकडे वळली. "तुम्हीच सांगायचात ना, रंग उठून दिसला की..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. आजोबांनी आयुष्यभर मालावर संशय घेतला होता. या वेळी माणसावर घेतला आणि मालाने दिलेला पुरावा उलटा वाचला. सुरुवातीला निवळलेलं अंग, न लागलेले मोजे, त्या पोराची साफ झालेली मान, सगळं एकेक करून डोळ्यांपुढे आलं. बादली बादली करून, कंबर मोडून, त्यांनी नातीचं औषध स्वतःच्या हाताने उचलून नेलं होतं.

"तू म्हणालीस माहीत नाही," ते पुटपुटले.

"खरंच माहीत नव्हतं, बाबा," सून म्हणाली आणि मग ती रडली. पिटूसाठी की वर्षभराच्या कामासाठी, हे विचारायचं धाडस आजोबांना झालं नाही.

सकाळी उठून मुख्याध्यापिकेकडे जायचं आणि मावशींचं नाव सोडवायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. ते सोपं होतं. आतल्या खोलीत पिटू हात पुढे करून बसली होती, ते अवघड होतं. त्यांनी कोपरांना मलम लावलं आणि मोजा चढवला. या वेळी दुसरीकडे बघितलं नाही.

"आजोबा, तुम्ही आमची वाळू बदलायचात ना? मला माहीत आहे."

त्यांचा हात थबकला. "तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या वाळूला पाणी टाकलं की मस्त वास यायचा. ओल्या झाडासारखा. मग यायचाच बंद झाला. तो पलीकडे गेला. मी कुंपणाला नाक लावून बघितलं. आणि ताडपत्री काढायला तुम्हीच जायचात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आईला विचारलंत," पिटू दुसरा हात पुढे करत म्हणाली. "मला कुठे विचारलंत?"