गोळी खाऊन गप्प बसलेला गुडघा

हसू नका मित्रांनो, पण तुमच्याशी बोलतोय तो चक्क एक गुडघा आहे! तलवाड्याच्या सारजाबाईंचा उजवा गुडघा. वय एकसष्ट.

लहानपणी मी काय ऐटीत होतो म्हणून सांगू! माझ्या दोन हाडांच्या मध्ये मऊ, गुळगुळीत गादी होती. बांधावरून उडी मारली तरी मला कळायचंसुद्धा नाही. पुढे सारजाबाईंचं आसारामांशी लग्न झालं आणि मेंढरांमागची पायपीट सुरू झाली. उन्हाळ्यात चाऱ्यासाठी मी पार गोदावरीच्या काठापर्यंत चाललोय. मेंढी विताना तासन् तास दुमडून बसलोय. कोकरू बाहेर आलं की सारजाबाई त्याला काखेत घेऊन एका झटक्यात उठायच्या. तो झटका माझा होता बरं का!

मग गादी झिजत गेली. आता हाडावर हाड घासतं. सारजाबाईंनी तेल चोळलं, शेक दिला, वजन कमी केलं, दवाखान्यातल्या ताईंनी शिकवलेले व्यायामही वर्षभर केले. तरी मी काही ताळ्यावर आलो नाही. आता आसाराम कळप घेऊन डोंगरावर जातात आणि सारजाबाई खाली लिंबापाशी कोकरं सांभाळत बसतात. उठायचं झालं की खोडाला धरून उठतात. झोपेत कूस बदलली तरी मी कळ मारतो. मला लई लाज वाटते, पण करणार काय?

शेवटी सून सुकन्या त्यांना बीडला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी माझा एक्स-रेचा फोटो काढायला लावला, पण त्या म्हणाल्या की नुसत्या फोटोवरून गुडघा बदलायचं ठरत नाही. दुखण्यानं झोप मोडते का, रोजची कामं अडतात का, गोळ्या-व्यायामानं भागतं का, हे पेशंटनंच सांगायचं असतं. त्यासाठी त्यांनी पुढच्या सोमवारी बोलावलं. मी तर खूश! ऑपरेशन झालं तर मलाच काढून टाकतील, माझ्या जागी धातूचा नवा गुडघा येईल, हे मला ठाऊक होतं. तरी चालेल. सारजाबाई उठतील ना!

पण मधल्या दिवसांत आसाराम चेष्टेत बोलून गेले, "तू दोन-तीन महिने पडलीस तर मेंढरं इकून टाकू की." ते सारजाबाईंच्या मनात रुतून बसलं. सोमवारी निघताना त्यांनी गुपचूप दुखण्याची गोळी घेतली. दवाखान्यात पोचेपर्यंत मी बधिर!

"मावशी, रोज किती चालता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डोंगरापतूर जाणं हाय की रोज. सांजच्याला माघारी."

मेंढपाळाच्या घरात असंच असतं. कळप जिथवर गेला, तिथवर सगळं घर गेलं असं धरतात. म्हणून ते सांगताना सारजाबाईंची जीभ अडखळलीसुद्धा नाही. पण बाईंना हे कसं कळावं? त्यांनी लिहून घेतलं आणि झोपेचं विचारलं. झोप चांगली लागते, असं सारजाबाईंनी सांगितलं.

सुकन्याला राहवलं नाही. "न्हाई ओ मॅडम, आत्याबाई रातच्याला..."

"हिला काय ठावं? ही मोबाईल बघत झोपती."

बाई हसल्या. परक्यासमोर सासूला खोटं कसं पाडायचं? सुकन्यानं टेबलावरचं फोटोचं पाकीट उचलून हातात घेतलं.

मग बाईंनी चालून दाखवायला सांगितलं. मी ओरडायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण एक कळ निघेल तर शपथ! सारजाबाई दारापर्यंत जाऊन आल्या. बाई म्हणाल्या, एवढ्यात ऑपरेशनची घाई नको, सहा महिन्यांनी दाखवा, त्रास वाढला तर आधी या. त्यांना काय बोल लावू? जे ऐकलं, जे पाहिलं, त्यावरूनच त्यांनी ठरवलं.

जिना उतरताना चौथ्या पायरीवर गोळीचा असर संपला. सारजाबाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला, डोळे मिटले. मग मला थोपटत सुकन्याला म्हणाल्या, "बघ, अब्रू राखली यानं."

कित्येक वर्षांनी माझं कौतुक झालं मित्रांनो, आणि तेही असं!

तुमच्या घरातही कुणीतरी भिंतीला धरून उठत असेल. त्यांना दवाखान्यात नेलंत तर बाहेर बाकावर बसून राहू नका, आत जा. ते लपवतील, तुमची थट्टा करतील, तरी खरं ते सांगा. गोळी पोटात गेल्यावर आम्हाला बोलता येत नाही हो.

सुकन्या अजून पायरीवरच उभी आहे. फोटोचं पाकीट तिच्या हातात आहे, आणि वर डॉक्टरीणबाईंचं दार उघडंच आहे.