न बसणारा पाइप

सासरा आणि सून एकाच कारखान्यात, त्यातून सून वरच्या जागेवर. म्हणजे घरात रोजची करमणूक. सासरे फिटर. न बसणारी वस्तू बसवून दाखवणं हा त्यांचा हातखंडा, आणि कुणी कौतुक केलं की स्वारी दिवसभर हवेत. सून रसायनं उतरवून घेणाऱ्या विभागाची प्रमुख.

त्या दुपारी ब्लीचचा टँकर आला. भिंतीत दोन तोंडं होती, एक ब्लीचच्या टाकीचं, दुसरं ॲसिडच्या. दोन्ही रसायनं एकत्र आली की विषारी वायू सुटतो, म्हणून तोंडांचे आटे मुद्दाम वेगळे ठेवलेले. नव्या ड्रायव्हरने पाइप नेमका ॲसिडच्या तोंडाला लावला. तो काही बसेना. आधीच उशीर झालेला, ड्रायव्हर कावला आणि त्याने फिटरला गाठलं. सासरेबुवांना हुरूपच आला. त्यांनी कपाटातून स्वतः घडवलेला जोडतुकडा काढला. त्याच्या एका बाजूला हे आटे, दुसऱ्या बाजूला ते. कुठलाही पाइप कुठेही बसावा. सुनेला त्याचा पत्ता नव्हता.

ती आली तेव्हा पाइप बसला होता आणि ड्रायव्हर व्हॉल्व्ह उघडायला वाकला होता. भिंतीपलीकडे पाळीची माणसं जेवत होती, त्यांत तिचा नवराही. धावत जाऊन ती व्हॉल्व्हच्या आड उभी राहिली.

सासऱ्यांचा पारा चढला. चारचौघांत सुनेने अडवावं म्हणजे काय? इतका घट्ट बसवलाय, थेंब गळणार नाही, असं त्यांनी ठणकावलं.

"बाबा, बसू नये म्हणूनच तो बसत नव्हता," ती म्हणाली. "टाकी कुठली आहे ते तरी बघा."

त्यांनी मान वर करून तोंडावरची पाटी वाचली: ॲसिड. पलीकडून मुलाचं हसणं ऐकू आलं. त्यांनी पाना उचलला आणि स्वतःच जोडतुकडा सोडवायला घेतला.

पाइप काढून योग्य तोंडाला लावला, तो एका हाताने बसला. सुनेला इतकं हायसं वाटलं की हसता हसता तिचे डोळे भरून आले. सासऱ्यांनी जोडतुकडा व्हाइसच्या पकडीत धरला आणि करवतीने स्वतःच त्याचे दोन तुकडे केले.

तेवढ्यात मुलगा हात पुसत बाहेर आला. टँकरला एवढा उशीर का, असं त्याने विचारलं. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

"पोटभर जेवलास ना?" एवढंच त्यांनी विचारलं.