प्रगतीच्या पोटातले चोवीस छल्ले

मी एक छल्ला. बोटात घालायचा नव्हे, पोटात घालायचा. मसुरीच्या दाण्याएवढा, पांढरा, प्लॅस्टिकचा. एक्स-रेमध्ये ठळक दिसतो, एवढाच माझा गुण. आम्ही चोवीस जण एका कॅप्सूलमध्ये कोंबलेले होतो. लेकरानं आम्हाला गिळायचं आणि पाचव्या दिवशी आम्ही कुठवर पोचलो ते डॉक्टरांनी बघायचं, यासाठीच आमचा जन्म.

कुणाचं पोट मिळणार हे आमच्या हाती नसतं. मला प्रगतीचं मिळालं. जैनथकडच्या एका खेड्यातली ही आठ वर्षांची पोर. आठ-आठ दिवस तिला संडासला होत नसे. पोट टम्म, जेवण चतकोर भाकरीचं. कधी चड्डीला डाग पडे आणि आई, चंदा, तिच्या पाठीत धपाटा घाले. आजोबा डोमाजींनी मनुका, एरंडेल आणि मारुतीला नारळ, सगळं करून पाहिलं होतं. डॉक्टरांच्या पुड्याही सहा महिने झाल्या. गुण नाही.

शेवटी आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टर नीलिमांनी आम्हाला कपाटातून बाहेर काढलं. आतडं मुळातच सुस्त आहे, की माल दारापर्यंत नीट येऊन दारातच अडतो, हे कळलं म्हणजे उपाय ठरेल, असं त्यांनी सांगितलं. तोवर पाच दिवस जुलाबाचं काही द्यायचं नाही.

प्रगती तोंड उघडेना. डोमाजींनी ‘हे पाह्य, अशी’ म्हणत स्वतःची बीपीची गोळी पाण्याशिवाय गिळून दाखवली आणि त्यांनाच असा ठसका लागला की नर्स धावत आली. प्रगती पोटभर हसली, मग घोटभर पाण्याबरोबर तिनं आम्हाला खाली धाडलं.

आतला प्रवास छान झाला. कुठं धक्काबुक्की नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही बहुतेक जण अगदी शेवटच्या खोलीत पोचलो. आणि तिथंच थांबलो, जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या गाड्या थांबतात तसे. शाळेत अकराच्या सुमारास वरून रेटा यायचा. पण प्रगती पाय आवळून, बाक धरून, टाचा उचलून उभी राहायची. दार घट्ट बंद. थोड्या वेळानं रेटाच कंटाळून परत जायचा.

बाहेर डोमाजींनी कुणी न सांगता छल्ले मोजायचं काम अंगावर घेतलं होतं. त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, टपरीनं गावाला सांगितलं. जो भेटेल तो विचारी, “निघाले काय?” प्रगती शाळा सुटली की घरात दडून बसू लागली.

चौथ्या दिवशी डोमाजी एरंडेलाची बाटली घेऊन आले. चंदानं सासऱ्यांपुढे आडवा हात धरला. “मामाजी, डॉक्टरीणबाईनं नाही म्हटलं ना?”

“मी तं चमचाभरच देऊन राह्यलो.”

चंदानं बाटली घेतली, सगळं तेल स्वतःच्या डोक्यावर ओतलं आणि वेणी घालायला बसली. आम्ही वाचलो.

पाचव्या दिवशी एक्स-रे निघाला. आम्ही एकोणीस जण दाराशीच गोळा झालेलो, उरलेले पाच थोडे मागं. डॉक्टर म्हणाल्या, “आतडं छान चाललंय. ही स्वतः धरून ठेवते.” मग त्यांनी डोमाजींना चहा प्यायला पाठवलं आणि प्रगतीजवळ स्टूल ओढून बसल्या. काऊन धरतेस, असं त्यांनी तिच्याच बोलीत विचारलं.

प्रगती खाली बघत म्हणाली, “शाळेतल्या संडासाले कडी नाही. एक डाव पोरायनं दार उघडलं. सगळे हासले.”

तेव्हापासून ती धरून ठेवू लागली. मग खडा झाला, दुखू लागलं, म्हणून घरीही धरू लागली. हे पोरीनं घरी कधी सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

चंदानं तिला जवळ ओढलं. “मी तुले मारलं बी,” एवढंच ती म्हणाली.

डोमाजी चहाला गेलेच नव्हते, दाराबाहेर उभे होते. परतताना त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेत हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं, की आधी अर्ज लागेल, मग वर मंजुरी. डोमाजी सगळं आदबीनं ऐकत राहिले आणि ऐकता ऐकता चारही स्क्रू बसवून मोकळे झाले. मग स्वतः आत शिरून कडी लावली आणि हेडमास्तरांना दार ढकलून बघायला लावलं. हेडमास्तरांनी ढकललं. उघडलं नाही.

औषध पुन्हा सुरू झालं. जेवणानंतर दहा मिनिटं संडासात पाटावर पाय टेकून बसायचं, आणि कुणी रागवायचं नाही. माझे सोबती एकेक करून गेले. मी सगळ्यात शेवटचा, नवव्या दिवशी, शाळेतच, मधल्या सुट्टीत. बाहेरून कुणीतरी दार ढकललं. प्रगती आतून निवांत म्हणाली, “थांब नं, मी आत हावो.”

आता मी शाळेमागच्या खड्ड्यात आहे. कुणाचं लेकरू असं अडून बसलं तर धपाट्याआधी दोन शब्द विचारा, एवढंच मागणं. माझी जागा सांगण्यासारखी नाही. पण मला निरोप देताना प्रगतीनं जो लांब, सुखाचा सुस्कारा सोडला, तसा निरोप फार थोड्यांच्या नशिबी येतो.